सूक्ष्माचे विज्ञान आणि प्रवेशाचा प्रश्न

१

‘नॅनो’ हा शब्द आपल्या वस्त्यांत प्रथम आला तो मोटारगाडीच्या निमित्ताने. २००८ साली टाटांनी आपली लहान गाडी लोकांपुढे आणली, आणि नॅनो म्हणजे छोटे एवढा अर्थ सर्वांना कळला. तो अर्थ चुकीचा नव्हता. ग्रीक भाषेत ‘नॅनोस’ म्हणजे बुटका. विज्ञानात मात्र या शब्दाला नेमके माप आहे. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. म्हणूनच मराठीत या विषयाला ‘अब्जांश तंत्रज्ञान’ असेही म्हणतात.

परळ-दादर भागातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते. २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विषयातील कामासाठी जाहीर झाले, तेव्हा तृतीय वर्षाच्या वर्गात मी त्यावर एक तास बोलले. तास संपल्यावर शिवडीकडून येणारा एक विद्यार्थी मागे थांबला. हुशार, पण बोलायला भिणारा मुलगा. तो म्हणाला, “मॅडम, हे सगळं खरं, पण ह्यात आपला नंबर लागतो का?”

‘आपला’ म्हणजे कोणाचा हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. “अभ्यास कर, लागतो,” असे शिक्षकी उत्तर मी देऊन टाकले. घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच खोटे वाटू लागले. अगदीच खोटे नव्हे, अर्धे. उरलेले अर्धे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी आधी हे शास्त्र काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण जे आपल्याला समजतच नाही त्यात आपला वाटा मागण्याचे धैर्य आपण करीत नाही.

२

प्रथम माप. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. कापसाचा तंतू बारा ते वीस हजार. आपल्या पेशीत डी.एन.ए.चा जो पीळ असतो त्याची रुंदी दोन नॅनोमीटर. सोन्याचा एक अणू एका नॅनोमीटरच्या सुमारे एकतृतीयांश. ढोबळमानाने एक ते शंभर नॅनोमीटर या टापूतल्या वस्तूंचा अभ्यास म्हणजे नॅनोविज्ञान, आणि त्या ज्ञानावर वस्तू घडवणे म्हणजे नॅनोतंत्रज्ञान.

पण केवळ लहान असणे हे काही शास्त्राचे कारण होऊ शकत नाही. या टापूत उतरल्यावर पदार्थाची वागणूक बदलते, हे खरे कारण. ती का बदलते, ते एका उदाहरणाने पाहू. एक सेंटिमीटर बाजूचा, म्हणजे फाशाएवढा, एक ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, पोस्टाच्या तिकिटाएवढे. आता हाच ठोकळा एक नॅनोमीटर बाजूच्या ठोकळ्यांत कापला अशी कल्पना करा. पदार्थ तेवढाच, वजन तेवढेच. पण सर्व बारीक ठोकळ्यांच्या बाजूंचे क्षेत्रफळ आता सहा हजार चौरस मीटर होते. बी.डी.डी. चाळीतल्या ज्या खोलीत आपल्या तीन-तीन पिढ्या वाढल्या ती खोली १६० चौरस फुटांची. फाशाएवढ्या ठोकळ्याच्या पोटातून अशा चारशे खोल्यांची जमीन निघते. जो अणू पूर्वी आत दडपलेला होता तो आता पृष्ठभागावर आला. पृष्ठभागावरच्या अणूला सर्व बाजूंनी शेजारी नसतात, म्हणून तो दुसऱ्याशी संबंध जोडायला उत्सुक असतो. औषध लवकर विरघळते, रासायनिक क्रिया वेगाने होते, थोड्या मालात पुष्कळ काम होते, ते यामुळे.

दुसरे कारण प्रकाशाचे आणि इलेक्ट्रॉनचे. सोने पिवळे असते हे आपण गृहीत धरतो. परंतु दहा-वीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत ठेवले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. एवढ्या लहान कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हेलकावे घेतात आणि विशिष्ट रंग गिळून टाकतात. मायकेल फॅरडेने १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या लाल सोन्याचा शोधनिबंध वाचला. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो विज्ञान शिकला. ज्या शास्त्रज्ञाने त्याला हाताखाली घेतले त्याच्या पत्नीने युरोपच्या प्रवासात त्याला नोकरासारखे वागवले. विलायतेतही विज्ञानाच्या घराला जिना होता आणि तो सर्वांसाठी सारखा नव्हता, एवढे येथे लक्षात ठेवू.

सोन्याच्या रंगाची ही गोष्ट फॅरडेपाशी संपत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली काळे सोने तयार केले. सोन्याचे कण एकमेकांपासून कमीजास्त अंतरावर बसवले की ते दृश्य प्रकाशातले जवळजवळ सर्व रंग शोषून घेतात. असे सोने सूर्यप्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइडचे मिथेन या इंधनात रूपांतर करायला मदत करते. २०२३ चे नोबेल ज्यासाठी मिळाले ते ‘क्वांटम डॉट’ही याच जातीचे आश्चर्य. पदार्थ एकच, पण लहान कण निळा प्रकाश देतो आणि मोठा कण तांबडा.

येथे दोन मोह टाळले पाहिजेत. पहिला मोह आपल्याकडचा आहे. सोन्याचा रंगदेखील जन्मजात नसतो, मग माणसाचे गुण जन्मजात कसे, असे म्हणावेसे वाटते. मीही वर्गात एकदा तसे म्हणून टाळ्या घेतल्या आहेत. पण अणूवरून माणसाचा न्याय काढणे हे शास्त्र नव्हे. उद्या कोणी दुसरा कण पुढे करून उलटा निष्कर्ष काढील. समतेला सोन्याच्या कणाची साक्ष लागत नाही.

दुसरा मोह प्रस्थापितांचा आहे. आमच्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते, भस्मांमध्ये नॅनोकण होते, असे सांगितले जाते. भस्मात असे कण सापडतीलही. चुलीच्या काजळीतही ते असतात. म्हणून माझी आजी नॅनोशास्त्रज्ञ ठरत नाही. मोजणे, पुन्हा करून पाहणे, चुकल्यास मान्य करणे आणि कोणालाही तपासू देणे या चार गोष्टींतून विज्ञान उभे राहते. जे ज्ञान कोणालाही तपासू दिले जात नव्हते, उलट ऐकणाऱ्याच्या कानांना शिक्षा सांगितली जात होती, त्याला विज्ञान म्हणण्यापूर्वी थोडी लाज वाटली पाहिजे.

३

हे शास्त्र डोळ्यांना दिसत नाही. ते उपकरणातून दिसते. १९५९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी एका व्याख्यानात अणू एकेक करून मांडता येतील अशी शक्यता सांगितली, तेव्हा तसे करणारे यंत्र नव्हते. ते १९८१ साली झुरिकच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी बनवले. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप असे त्याचे नाव. त्यात अणूएवढ्या टोकाची सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते, पण त्याला टेकत नाही. मधल्या फटीतून अत्यंत सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो, आणि तो कमीजास्त होतो त्यावरून खालच्या अणूंचे चढउतार नोंदले जातात. या कामाला १९८६ चे नोबेल मिळाले. १९८९ साली अशाच सुईने झेनॉन वायूचे पस्तीस अणू ढकलून शास्त्रज्ञांनी आपल्या कंपनीची तीन अक्षरे लिहिली.

आपल्या देशात केंद्र सरकारने २००१ साली या विषयाचा खास कार्यक्रम सुरू केला आणि २००७ साली ‘नॅनो मिशन’साठी पाच वर्षांकरिता एक हजार कोटी रुपये मंजूर केले. पवईच्या आय.आय.टी.त २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र उभे राहिले. मुंबई विद्यापीठाने कालिन्याच्या आवारात या विषयाचे केंद्र काढले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘यू.डी.सी.टी.’त, औषध नेमक्या जागी पोचवणाऱ्या नॅनोकणांवर काम चालते. म्हणजे कुलाबा ते पवई या एका लोकलच्या टप्प्यात देशातली काही उत्तम साधने आहेत. लालबागच्या मुलाला यासाठी परदेशी जावे लागत नाही.

या शिक्षणाचे स्वरूपही नीट समजून घेतले पाहिजे. नॅनो हा एकट्या पदार्थविज्ञानाचा विषय नाही. रसायन, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, धातुशास्त्र या सर्वांची त्यात सरमिसळ आहे. म्हणून पदवीला शक्यतो मूळ विषय घ्यावा, पाया पक्का करावा आणि एम.एस्सी. किंवा एम.टेक.ला इकडे वळावे, हा शहाणपणाचा मार्ग. पदवीनंतर ‘जॅम’ परीक्षा, पुढे ‘गेट’, ‘नेट’, ‘जेस्ट’ या संशोधनाच्या पायऱ्या. पण या विद्येचा प्राण पुस्तकात नाही, प्रयोगशाळेत आहे. धूळरहित खोलीत पांढरा झगा, टोपी, हातमोजे घालून उभे राहणे. पाण्याच्या शुद्धतेवर शंका घेणे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोकस हाताने जुळवणे. फोकस वाचून येत नाही. पोहणे वाचून येत नाही, तसेच. आणि ही यंत्रे कोट्यवधी रुपयांची असतात. जेथे यंत्र महाग असते तेथे खोलीला कुलूप असते, आणि कुलूप असते तेथे किल्ली कोणाच्या खिशात हा प्रश्न येतो.

४

यंत्र आणि कुलूप यांचा हा संबंध आपल्या लोकांना नवा नाही. गिरणगावाला तो पुरता ठाऊक आहे. त्यासाठी माटुंग्याच्या एका संस्थेकडे वळू.

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचे ‘राजगृह’ आहे. तेथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, माटुंग्याच्या अडेनवाला रोडवर, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. मुंबईच्या कापडधंद्याला लागणाऱ्या कापसाची पारख करण्यासाठी १९२४ साली ती प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. गिरण्या गेल्या, प्रयोगशाळा राहिली. आज तेथे कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार होते. सरकी काढल्यावरही तिला जे आखूड तंतू चिकटून राहतात त्यांना लिंटर म्हणतात. त्याचे सूत निघत नाही. कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज. आणि त्याचा प्रत्येक तंतू हा आतल्या आणखी बारीक तंतूंची जुडी असतो. ते आतले तंतू काही नॅनोमीटर रुंदीचे. विकरांनी किंवा रसायनांनी जुडी सैल करायची, मग मोठ्या दाबाखाली अरुंद फटीतून तो लगदा पुन्हा पुन्हा दाबून काढायचा, की तंतू सुटे होतात. हे सुटे तंतू वजनाला हलके आणि ताणाला चिवट. कागद, रंग, प्लास्टिक यांत थोडे मिसळले तरी माल बळकट होतो. २०१५ साली या संस्थेत त्याचा प्रायोगिक कारखानाच सुरू झाला. ज्या आखूड तंतूला सुताच्या धंद्यात किंमत नव्हती त्याला नवे मोल आले.

आता याच कापसाची दुसरी गोष्ट. माझे पणजोबा रत्नागिरीकडून आले आणि गिरणीत लागले. आजोबाही लागले. दोघेही त्रासनखात्यात, म्हणजे सूत काढण्याच्या खात्यात. साचाखात्यात, म्हणजे मागावर, पगार जास्त होता. पण तेथे अस्पृश्यांना काम मिळत नसे. कारण धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. अस्पृश्याच्या ओठाला लागलेले सूत सवर्ण विणकराला चालणार कसे? १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला आणि साचाखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. भांडवलदाराविरुद्ध एक झालेल्या कामगारांना हा आपला प्रश्न वाटायला वेळ लागला.

या इतिहासातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. ही बंदी गिरणीच्या नियमपुस्तकातून आलेली नव्हती. ती खात्यातल्या माणसांनी पाळली आणि मालकांनी चालू दिली. शिवाय तोंडाने सूत ओढण्याला पर्याय नव्हता असे नाही. एखादा आकडा, एखादी सुई चालली असती. आणि ती पद्धत कामगाराच्या आरोग्यालाही वाईटच होती. पण विटाळ पाळण्यासाठी माणूस बाजूला ठेवणे हे पद्धत बदलण्यापेक्षा सोपे होते. कौशल्य शिकायचे तर यंत्राजवळ उभे राहावे लागते. जो यंत्राजवळ उभाच राहिला नाही, तो ‘मुळात अकुशल’ ठरला.

५

आजच्या प्रयोगशाळेत विटाळ नाही. हातमोजे तर सगळेच घालतात, आणि ते नमुन्याला माणसाचा मळ लागू नये म्हणून. तेथे सर्व माणसे सारखीच मळकी. हे शास्त्राचे मोठेपण आहे. परंतु शास्त्राचे मोठेपण आणि शास्त्रसंस्थांचे वर्तन या दोन वेगळ्या बाबी आहेत.

एम.एस्सी.नंतर मी एका मोठ्या संस्थेत काही महिने काम केले. नमुने मी बनवत होते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची पाळी आली की मला सांगण्यात येई, “सँपल ठेवून जा, फोटो मिळतील.” माझ्याच गटातल्या दोन मुली त्या खोलीत बसून यंत्र शिकत होत्या. मला कोणी जात विचारली नाही. कोणी अपशब्द बोलले नाही. अर्जावर माझे आडनाव होते आणि शिष्यवृत्तीचा प्रकार लिहिलेला होता, एवढेच. कदाचित माझे इंग्रजी अडखळत होते म्हणून असेल. कदाचित मी मागितलेच नाही म्हणून असेल. आमच्या घरात मोठ्यांच्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचे नाही असे शिकवले होते. पुढे दुसऱ्या ठिकाणी रात्रपाळीच्या एका वरिष्ठ संशोधकाने खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, “बस, तू फिरव.” धूसर चित्र हळूहळू रेखीव होत गेले. त्या रात्री मला जे आले ते चार महिन्यांच्या फोटोंतून आले नव्हते. तेव्हा मला आजोबांनी सांगितलेला धोटा आठवला. ‘सँपल ठेवून जा’ हा नियमदेखील कोठे लिहिलेला नव्हता.

काही दारे मात्र लिहून ठेवलेली असतात. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशात अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांना आरक्षण देणारा २००६ चा कायदा जानेवारी २००७ मध्ये अमलात आला. याच कायद्याला एक परिशिष्ट जोडले गेले. त्यात नमूद केलेल्या ‘श्रेष्ठ’ व संशोधन संस्थांना हे कलम लागू नाही. त्या यादीत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या घटक संस्था आहेत, म्हणजे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपल्या परळचे टाटा मेमोरियल केंद्र. आणि नॅनोविज्ञानात नाव मिळवलेले बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्रही आहे. या संस्थांतील कामाबद्दल मला आदर आहे. काळ्या सोन्याचे उदाहरण मी वर दिलेच. पण श्रेष्ठता आणि आरक्षण एकत्र नांदू शकत नाहीत, हे गृहीतक कायद्यातच लिहिले जाते तेव्हा त्याची चर्चा झाली पाहिजे. कोणत्या प्रयोगाने ते सिद्ध झाले? शास्त्रज्ञांच्या संस्थांबद्दल तरी हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

गुणवत्तेच्या नावाखाली दार बंद करणारे किती चुकतात याचे मुंबईचेच उदाहरण आहे. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत त्यांना सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, कारण त्या स्त्री होत्या. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष कसोटीवर ठेवण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. जिच्या घरात दोन पिढ्यांचे शास्त्र होते तिला दारात अडवले गेले. मग ज्याच्या घरात पहिले पुस्तक तोच घेऊन आला, त्याने किती वेळ दारात उभे राहायचे?

ज्या १८५७ साली फॅरडेने लाल सोन्याचा निबंध वाचला त्याच साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या एक वर्ष आधी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच्या अर्जात हस्तक्षेप करायला मुंबई सरकारनेही नकार दिला. तीन घटना एका वर्षाच्या अंतरातल्या. आपल्या विज्ञानाचा इतिहास लिहिणारे पहिल्या दोन लिहितात.

६

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी असे मांडले की कला आणि कायदा यांचे शिक्षण अस्पृश्यांना फार दूर नेणार नाही; विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षणच त्यांना उपयोगी पडेल, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने त्याचा खर्च उचलला पाहिजे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. ज्यांनी स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकून एवढे केले, त्यांनी पुढच्या पिढीला विज्ञानाकडे बोट दाखवले. आपण मात्र पुष्कळदा त्या बोटाकडेच पाहत राहिलो. आपल्या चळवळीने कवी दिले, वक्ते दिले, वकील दिले, त्यांचे मोल मोठे आहे. पण आपल्या नियतकालिकांत भौतिकशास्त्रावरचा लेख अजून पाहुण्यासारखा येतो, हेही मान्य केले पाहिजे.

या शास्त्राकडे आपण दुसऱ्याही कारणाने लक्ष ठेवले पाहिजे. माझे आजोबा शेवटची वर्षे खोकत होते. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात, हे मला एम.एस्सी.ला आल्यावर कळले. चाळीत त्याला ‘गिरणीचा खोकला’ एवढेच म्हणत. नॅनोकण त्या धुळीपेक्षा कितीतरी बारीक. लांब आणि ताठ कार्बन नळ्या उंदरांच्या पोटाच्या आवरणात सोडल्या असता ॲस्बेस्टॉससारखी इजा होते, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. प्रयोगशाळेत संशोधक मुखपट्टी लावतो. संध्याकाळी फरशी पुसणारी बाई, कचऱ्याची पिशवी उचलणारा कंत्राटी माणूस, उद्याच्या कारखान्यातला हंगामी कामगार, यांना कोण सांगणार की पिशवीत काय आहे? ते बहुधा आपल्याच वस्तीतले असतात. यंत्राजवळ आपला माणूस नसेल, पण कचऱ्याजवळ आपलाच असेल, ही व्यवस्था नव्या शास्त्रातही जशीच्या तशी उतरू द्यायची का?

म्हणून काही साध्या मागण्या. सरकारी पैशाने घेतलेल्या प्रत्येक मोठ्या उपकरणावर वर्षभरात कोणकोणत्या महाविद्यालयांचे विद्यार्थी किती तास बसले, याची नोंद जाहीर व्हावी. नमुना देणारा आणि यंत्र शिकणारा असे दोन वर्ग नसावेत. पवईच्या केंद्रात बाहेरच्या महाविद्यालयांतील संशोधकांना प्रशिक्षण आणि वापर देणारा कार्यक्रम आहे. तो चांगला आहे. पण आमच्यासारख्या किती महाविद्यालयांना त्याची माहिती असते? शिक्षकांनीच ती शोधून वर्गात लावली पाहिजे. संशोधनाची शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला मिळावी. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही तो सहा महिने थकलेल्या रकमेवर पीएच.डी. करू शकत नाही. तो शिकवणीवर्गात शिकवू लागतो आणि प्रयोगशाळेतून गळतो. त्या गळतीला मग ‘गुणवत्तेचा अभाव’ म्हणतात. २००६ च्या कायद्याचे परिशिष्ट पुन्हा चर्चेला यावे. आणि प्रयोगशाळेच्या सफाई कामगाराला त्याच्या भाषेत लिहिलेली सूचना आणि संशोधकाइतकीच चांगली मुखपट्टी मिळावी.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. अकरावीला गणित सोडू नका; पुढची पुष्कळ दारे तेथेच बंद होतात. इंग्रजी अडखळले तरी प्रश्न विचारा. आणि यंत्राच्या खोलीत ‘सँपल ठेवून जा’ असे म्हटले तर नम्रपणे सांगा, “मी थांबते. मला बघायचंय.” मी ते सांगायला एक वर्ष घेतले. तुम्ही पहिल्या दिवशी सांगा.

मागे थांबलेल्या त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात बोलावले. आपला नंबर आपोआप लागत नाही, आजवर कोठेही लागलेला नाही, हे त्याला सांगितले. नंतर त्याच्याबरोबर बसून ‘जॅम’चा अर्ज भरला. जातीच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट येत होती. ती त्याने दादर स्टेशनसमोरच्या दुकानातून पुन्हा काढून आणली. अर्ज गेला. निकाल काय लागेल ते लागेल. आता तो रोज संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेत थांबतो. आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही. एक जुना साधा सूक्ष्मदर्शक आहे. त्याची किल्ली मी त्याच्याकडे दिली आहे.